अर्धा वांटा

लग्नानंतरचें पहिलें वर्ष लोक नवराबायकोस बक्षीस देऊन टाकतात. त्या वर्षांत त्यांनीं ताडोब्याला वाघ पाहण्यास जावें, संध्याकाळीं फिरावयास जावें, भात करपूं द्यावा. कोणी कांहीं म्हणत नाहीं. दुसऱ्या वर्षाच्या संक्रांतीपासून मात्र हिशेब मागितला जाऊं लागतो. हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाण घेतां घेतां प्रथम घरांत पाळणा टांगण्याजोगी जागा आहे कीं नाहीं हें पाहतात आणि मग गृहिणीकडे पाहतात. प्रश्न आरंभीं थट्टेचा असतो. पुढें तो काळजीचा होतो. आणि त्याहिपुढें थट्टा व काळजी यांच्या मधल्या अशा कांहीं स्वरांत तो विचारला जातो कीं, त्याला उत्तरहि देतां येत नाहीं व त्यावर रागावतांहि येत नाहीं. आमच्या लग्नाला यंदा पांच वर्षें झालीं. त्यांतलीं चार या स्वरांत गेलीं.

येथें 'आम्ही' हा शब्द संपादकांप्रमाणें भारदस्तपणासाठीं योजिलेला नाहीं. हा लेख खरोखरच दोघांचा आहे. एकाच्या हातांत लेखणी आहे. दुसरी व्यक्ति समोर बसली आहे, आणि लेखणी जेथें स्वतःचा बचाव करूं पाहते तेथें ती कागदावर बोट ठेवते. आमच्यासंबंधीं अधिक सांगण्याचें कारण नाहीं. आमच्यांतील तो कोळशाच्या एका खाणीच्या वजनकाट्यावर कारकून आहे, आणि आमच्यांतील ती घरीं शिकवण्या घेते. दुपारी पंधरा-वीस मुलें तिच्यापाशीं गणित शिकण्यास येतात. लोकांच्या एवढ्या मुलांना त्रैराशिक शिकवून ती थकते कीं नाहीं, असें कोणी विचारीत नाहीं. लोकांचीं मुलें पाहून तिला कसें वाटतें, असें मात्र पुष्कळजण विचारतात.

आमची भद्रावती ही चंद्रपूर-नागपूर रस्त्यावर, वरोऱ्याच्या अलीकडे आहे. रेल्वेच्या स्थानकावर तिचें भांदक हेंच जुनें नांव अजून चालतें. भोंवतालीं कोळशाच्या खाणी आणि आयुधनिर्माणी असल्यामुळें परप्रांतींच्या माणसांचा येथें बराच भरणा आहे. पण गांवाचें मन अद्यापि जुन्या देवांच्या हातीं आहे. आणि देव तरी किती! गांवाचा स्वामी भद्रनाग. ज्याच्या मस्तकावर नागानें फणा धरला आहे त्या पार्श्वनाथाचें मोठें जैन मंदिर. गवराळ्याला वरदविनायक, ज्याच्या नांवांतच वर देण्याचें वचन आहे. आणि विजासनच्या टेकडींत कोरलेलीं बुद्धाचीं लेणीं. आमच्यासारख्यांना मागण्याच्या जागा या गांवांत कमी नाहींत. विजासनला मात्र आम्हीं कांहीं मागितलें नाहीं. पुत्र जन्मला त्याच रात्रीं घर सोडून गेला असें ज्याच्याविषयीं सांगतात, त्याच्यापाशीं पुत्र कोणत्या तोंडानें मागावा?

बाकी सर्व ठिकाणीं मागितलें. प्रथम शेजारच्या आजींनीं सांगितलें म्हणून भद्रनागाला. "बाई, नागोबाले दूध वाह्य. कोन्या जन्मीं कोनी नाग मारला असंन, तो रुसला असंन. पन तो ऐकते." सर्पहत्येचें पाप संततीच्या आड येतें ही समजूत कांहीं आमच्या गांवापुरती नाहीं, त्र्यंबकेश्वरीं नारायणनागबळीसाठीं जीं जोडपीं दुरून येतात त्यांत आमच्यासारखीं पुष्कळ असतात. पण ज्या गांवाचा स्वामीच नाग, तेथें हें खापर नागाच्या माथीं फुटावें हें ओघानेंच आलें. नागानंतर गवराळ्याच्या चतुर्थ्या झाल्या. सोळा सोमवार झाले. चैत्रांत चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेला आम्ही गेलों, आणि उन्हांत तापलेल्या फरशीवर अनवाणी उभे राहून नवस बोललों. एक वर्ष आम्हीं गूळ सोडला, एक वर्ष केळें सोडलें.

समोरचें बोट येथें पहिल्यांदा कागदावर आलें. सोळा सोमवार 'आम्हीं' केले काय? सोमवारीं उपाशी राहणारी व्यक्ति एकच होती. दुसरी व्यक्ति संध्याकाळीं साबुदाण्याची खिचडी चांगली झाली आहे असें म्हणे व स्वतःच्या जेवणानंतर तीहि चाखी. केळें कोणी सोडलें, अनवाणी कोण उभें राहिलें, याचाहि हिशेब तसाच आहे. आमच्यांतील त्याच्या पायांत त्या दिवशीं मोजे होते. मूल दोघांना हवें होतें हें खरें, त्यासाठीं जागलेल्या रात्री दोघांच्या होत्या हेंहि खरें. पण हवें असणें आणि त्यासाठीं किंमत मोजणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि किंमत मोजण्याचा हात चार वर्षें एकाच बाजूचा होता.

देवांनंतर डॉक्टर आले. म्हणजे देव सोडले असें नव्हे. तरुण आणि निरोगी जोडप्यांतहि एका महिन्यांत गर्भ राहण्याचा संभव चार-पांच खेपांत एकदां इतकाच असतो. वर्षभरांत मात्र शंभरांतील सुमारें पंचाऐंशी जोडप्यांना यश येतें, आणि म्हणूनच वर्ष सरल्यावर वैद्याकडे जावें असा संकेत आहे. आम्हीं दोन वर्षें सरल्यावर जाण्याचें ठरविलें. पहांटेच्या गाडीनें नागपूर गांठलें. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांनीं आम्हांला शेजारीं शेजारीं बसविलें, सर्व विचारून घेतलें, आणि तिला रक्त देण्यासाठीं आंतल्या खोलींत पाठविलें. ती आंत असतां त्यांनीं एक लहानशी चिठी लिहून त्याच्या हातीं दिली. पुरुषाच्या तपासणीची ती चिठी होती. "आजच खालच्या मजल्यावर करून जा," असें त्यांनीं सांगितलें.

तो खालच्या मजल्यावर गेला, पंधरा मिनिटें एका बांकावर बसला, आणि परत आला. "झालें?" असें तिनें विचारलें. "झालें. सर्व ठीक आहे," असें त्यानें सांगितलें.

ती चिठी त्याच्या पाकिटांत अकरा महिने राहिली. दवाखान्यांत कागदाची विचारणा झाली तेव्हां तो घरीं राहिला असें त्यानें दोनदां सांगितलें, आणि गर्दीच्या दवाखान्यांत दोनदां तें खपलें. त्या अकरा महिन्यांत तिच्यावर काय काय झालें याची यादी लांब आहे. ती तिच्याच संमतीनें थोडक्यांत देतों. कंठग्रंथीची तपासणी, महिन्याच्या ठराविक दिवसांना रक्त, एका महिन्यांत चार वेळां सोनोग्राफी, बीज पक्व होण्याच्या गोळ्या, त्यांनीं येणारी डोकेदुखी. गर्भाशयाचा क्षय तर नाहीं ना म्हणून आंतील अस्तराचा तुकडा काढून झालेली परीक्षा, कारण आपल्या देशांत हा छुपा क्षय कित्येक स्त्रियांच्या गर्भनलिका मुकाट्यानें बंद करून ठेवतो. आणि शेवटीं त्या नलिका मोकळ्या आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं आंत औषध सोडून घेतलेलीं क्षकिरण-चित्रें. या शेवटच्या तपासणीच्या वेळीं बाहेरच्या बांकावर आमच्यांतील तो बसला होता, आणि आंतून जो आवाज आला तो त्यानें ऐकला. पाकीट खिशांत होतें.

तो असें कां वागला? आळसानें नव्हे, आणि प्रेम नव्हतें म्हणूनहि नव्हे. आम्हीं दोघांनीं या प्रश्नावर बरेच दिवस घालविले आहेत, आणि जें उत्तर सांपडलें तें अंशतः भाषेंत सांपडलें. वांझ हा शब्द मराठींत स्त्रीला लागतो, गाईला लागतो, झाडाला लागतो, जमिनीलाहि लागतो. पुरुषाला तो लागत नाहीं. पुरुषासाठीं आपल्यापाशीं नामर्द हा शब्द आहे, आणि तो अगदीं दुसऱ्याच गोष्टीचा आहे. ज्याचा संसार सर्व प्रकारें सुरळीत चालला आहे त्याच्याहि रेतांत शुक्रजंतु थोडे असूं शकतात. पौरुषाशीं त्याचा काडीइतका संबंध नाहीं. पण भाषा हा भेद करीत नाहीं, म्हणून मनहि करीत नाहीं; आणि खालच्या मजल्यावरच्या बांकावर बसलेल्या माणसाला असें वाटतें कीं, सूक्ष्मदर्शकाखालीं आपलें सर्व आयुष्य ठेवलें जात आहे. बायकोला मात्र अशी भीति बाळगण्याची सवड नसते. तिच्यासाठीं शब्द आधींच तयार असतो.

चिठी सांपडली ती भांदकच्या स्थानकावर. तिकिटासाठीं सुटे पैसे हवे होते म्हणून तिनें त्याचें पाकीट उघडलें, आणि घड्यांवर झिजून फाटावयास आलेला तो कागद नोटांबरोबर बाहेर आला. तारीख होती, नांव होतें, आणि पुढची जागा कोरी होती. तिनें तो वाचला, पुन्हा घडी घालून ठेवला, आणि तिकिटें काढलीं. गाडींत वरोरा जाईपर्यंत ती कांहीं बोलली नाहीं. वरोरा गेल्यावर म्हणाली, "हें आधीं झालें असतें, तर तें करावं लागलं नसतं." 'तें' म्हणजे काय तें सांगावें लागलें नाहीं. त्यानंतर हिंगणघाटपर्यंत दोघेंहि खिडकीबाहेर पाहत होतों. एवढें झाल्यावरहि ती उतरून परतली कां नाहीं, हें आमच्यांतील त्याला अजून नीटसें कळलेलें नाहीं. समोरचें बोट म्हणतें कीं, परतीची गाडी संध्याकाळीं होती.

अशा विषयावर कुटुंबाच्या मासिकांत इतकें उघड लिहावें काय, असें कांहीं वाचकांना वाटेल. त्यांना रघुनाथ धोंडो कर्वे यांची आठवण द्यावीशी वाटते. १९२१ सालीं त्यांनीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढलें, आणि १९२७ पासून १९५३ मध्यें मृत्यु येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें. मूल नको असेल तर काय करावें हें सांगणारा तो मनुष्य. आमची अडचण नेमकी उलटी. पण शरीराच्या या भागांना मराठींत नांवें आहेत व तीं छापतां येतात, हें अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड देऊन त्यांनीं सिद्ध केलें. त्यांतील एका खटल्यांत त्यांच्या बाजूनें उभे राहणारे वकील डॉक्टर आंबेडकर होते. आम्हांला तर कोणी न्यायालयांत नेणार नाहीं. फार तर हळदीकुंकवाला बोलावणार नाहीं, आणि तें बोलावणें पूर्वींच थोडें कमी झालें आहे.

तपासणीला दहा मिनिटें लागलीं. सुई नाहीं, वेदना नाहीं, आणि साऱ्या यादींत सर्वांत कमी पैसे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं घालून दिलेल्या प्रमाणाप्रमाणें रेताच्या एका मिलिलिटरांत निदान १ कोटि ६० लाख शुक्रजंतु असावयास हवेत. आमच्या कागदावर ६० लाख होते, आणि त्यांतलेहि पुष्कळसे जागच्या जागीं वळवळणारे. आंकडा वाचून प्रथम त्याला हसूं आलें. साठ लाख म्हणजे केवढी मोठी संख्या! वजनकाट्यावर बसणाऱ्या माणसाला टनांची संवय असते, पण निसर्गाचें माप निराळें आहे. एका जीवासाठीं तो कोट्यवधि पाठवितो व त्यांतील एकच पोंचतो.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकीं सुमारें निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा थोडाफार वांटा असतो, ही गोष्ट आतां वैद्यकांत निर्विवाद आहे. पण ती कोणाला सुचण्यास सूक्ष्मदर्शकच लागतो असेंहि नाहीं. जोतिराव फुले यांचा सावित्रीबाईंशीं विवाह १८४० सालीं झाला. त्यांना मूल झालें नाहीं, आणि घरच्यांनीं दुसऱ्या लग्नाचा आग्रह धरला. तेव्हां दोष स्त्रीचाच कशावरून, तो पुरुषाचा कशावरून नसेल, आणि तसा असल्यास बायकोनें दुसरा नवरा केलेला त्याला चालेल काय, असें जोतिरावांनीं उलट विचारल्याचें त्यांचे चरित्रकार सांगतात. मनुस्मृतीनें वांझ स्त्रीला आठव्या वर्षीं बाजूस सारून दुसरी करण्याची मुभा देऊन ठेविली होती, आणि हिंदूंपुरती ही वाट सबंध देशांत बंद झाली ती १९५५ च्या विवाहाच्या कायद्यानें. हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या प्रश्नाचें धैर्य कळतें. पुढें या दांपत्यानें १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें, आणि तेथें एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा १८७४ मध्यें दत्तक घेतला. तो यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई त्याच्या दवाखान्यांत रोगी नेऊन पोंचवीत असतां स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. पण आम्हांला त्या दत्तकविधानापेक्षांहि तो आधींचा प्रश्न मोठा वाटतो. दत्तक घेणारे त्या काळीं पुष्कळ होते. दोष माझा कशावरून नसेल, असें आपण होऊन विचारणारा पुरुष आम्हांला आमच्या घरींहि अकरा महिने भेटला नाहीं.

आणि ज्या गांवांत हे अकरा महिने गेले त्या गांवाच्या पुराणांत तरी काय आहे? जैमिनीच्या अश्वमेधांत श्यामकर्ण घोडा ज्या भद्रावतींतून भीमानें आणला, ती हीच आमची भद्रावती, असें येथील लहान मूलहि सांगेल. इतिहासाच्या कसोटीला हें उतरेल असें नाहीं. पण श्रद्धेनें एकदां दिलेला मान गांवें परत करीत नसतात. त्या भद्रावतीच्या राजाचें नांव यौवनाश्व. यौवनाश्व म्हणजे व्याकरणाप्रमाणें युवनाश्वाचा वंशज. आणि युवनाश्वाची गोष्ट महाभारताच्या वनपर्वांत आहे. हा राजा निपुत्रिक. राज्य मंत्र्यांवर सोंपवून तो वनांत गेला, आणि ऋषींनीं राणीसाठीं मंत्रून ठेवलेला पाण्याचा कलश रात्रीं तहान लागली म्हणून चुकून स्वतःच पिऊन बसला. सकाळीं ऋषि म्हणाले, आतां मूल तुलाच होईल. त्याप्रमाणें शंभर वर्षांनीं त्याची डावी कूस फोडून मुलगा बाहेर आला. तो प्याला काय दूध, हा प्रश्न पडला तेव्हां इंद्रानें आपलें बोट त्याच्या मुखांत दिलें; तोच पुढें चक्रवर्ती मांधाता झाला.

ही गोष्ट शाळेंत असतां आम्हां दोघांनाहि विनोदी वाटली होती. आतां ती तशी वाटत नाहीं. ज्यानें गोष्ट रचली त्याला एवढें तरी ठाऊक होतें कीं, कलश राणीसाठीं भरलेला असला तरी तहान राजाचीहि असते. आणि जो पितो त्याच्याच कुशीला ती भोगावी लागते. नांवाच्या या धाग्याला ओढून आम्ही इतिहास सिद्ध करूं पाहत नाहीं. पण ज्या गांवच्या राजाच्या नांवांत असा पूर्वज बसलेला आहे, त्या गांवांत कलश नेहमी बायकोच्याच हातीं कां दिला जातो, असें डोलारा तळ्यावरच्या जुन्या दगडी पुलापाशीं संध्याकाळीं बसलों असतां आमच्या मनांत येतें.

कारणें शोधतां दोन सांपडलीं. एक उष्णता. आमच्या जिल्ह्याचा उन्हाळा ज्यांनीं वर्तमानपत्रांतल्या आंकड्यांवरूनच ओळखला आहे त्यांना तो कळणार नाहीं. पारा शेंचाळीस-सत्तेचाळीसवर जातो आणि सावलींतहि वारा भट्टीचा येतो. शुक्रजंतु तयार होण्यास शरीराहून दोनतीन अंशांनीं कमी तपमान लागतें. म्हणून तर निसर्गानें अंडकोश देहाच्या बाहेर ठेविले आहेत. अशा उन्हांत रोज फटफटीवर वीस कोस जाणारा माणूस निसर्गाची ती योजना बरीचशी मोडून टाकतो. पण उन्हाला दोष देणें सोपें आहे, कारण ऊन आपण विकत घेत नाहीं. दुसरें कारण त्यानें रोज विकत घेतलें होतें. खर्रा! विदर्भाबाहेरच्या वाचकांना हा शब्द नवा असेल. कुटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदांत घालून हातावर घोटतात, आणि ती पुडी दिवसभर गालांत मुरते. आमच्याकडे मैत्री खर्ऱ्यावर जमते, भांडण खर्ऱ्यावर मिटतें, आणि कचेरींतील काम खर्रा घोटून होईपर्यंत थांबतें. दिवसाला सहा पुड्या असा त्याचा हिशेब होता. तंबाखू खाणाऱ्या पुरुषांच्या रेताची तपासणी करून तिचा वाईट परिणाम दाखविणारें संशोधन आपल्याच देशांत झालें आहे. केळें सोडणारी व्यक्ति एका घरांत, आणि खर्रा न सोडणारी त्याच घरांत, एकाच नवसासाठीं!

उपाय पुढेंहि आहेत, आणि ते आम्हांला नीट समजावून देण्यांत आले. प्रयोगशाळेंत गर्भधारणा होऊन जन्मलेली जगांतील पहिली मुलगी २५ जुलै १९७८ ला इंग्लंडांत झाली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं, ३ ऑक्टोबरला, कलकत्त्यास डॉक्टर सुभाष मुखोपाध्याय यांनीं तेंच करून दाखविलें. त्यांच्यावर कोणीं विश्वास ठेविला नाहीं, आणि १९८१ मध्यें त्यांनीं आपलें जीवन संपविलें. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉक्टर इंदिरा हिंदुजा यांच्या हातून अशी मुलगी ६ ऑगस्ट १९८६ ला जन्मली. १९९२ पासून तर एकच शुक्रजंतु सुईनें उचलून बीजांत सोडण्याची ब्रुसेल्सची युक्ति प्रचारांत आहे. म्हणजे साठ लाखांतून एक चांगला निघाला तरी पुरे. पण किंमत ऐकून आम्हीं एकमेकांकडे पाहिलें. ती आमच्या वर्षाच्या शिल्लकेहून अधिक होती, आणि सुया पुन्हा तिलाच! दोष पुरुषाचा असला तरी या उपायांत बहुतेक वेदना स्त्रीच्याच वांट्याला येतात, हें तर कोणी आम्हांला आधीं सांगितलेंच नव्हतें. तेव्हां त्या वाटेला जाण्यापूर्वीं जो उपाय फक्त त्याच्या अंगावर पडतो तो करून पाहावा, असें ठरलें: खर्रा बंद, कोष्टकाप्रमाणें औषध, सकाळच्या पाळीची विनंती, आणि तीन महिने धीर. शुक्रजंतु घडण्यास सुमारें चौऱ्याहत्तर दिवस लागतात. आज सोडलेल्या खर्ऱ्याचें फळ अडीच-तीन महिन्यांनीं दिसावयाचें. भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत पूर्वीं तिच्या दिवसांच्या तांबड्या खुणा असत, आणि त्या खुणांच्या धाकानें घरांतल्या प्रेमालाहि वेळापत्रक लागलें होतें. आतां तेथें रोज रात्रीं तो एक निळी फुली करतो. पहिल्या नऊ फुल्यांनंतर दोन रिकाम्या जागा आहेत. त्या त्यानें स्वतःच रिकाम्या ठेविल्या, आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली. हें लिहितांना समोरचें बोट कागदावर आलें नाहीं.

मोठी अडचण सांगण्याची होती. त्याच्या आईला त्यानें स्वतः सांगितलें. ती तांदूळ निवडीत होती. बराच वेळ ती निवडीत राहिली, आणि मग म्हणाली, "तुझ्या बाबाले नको सांगू." एवढेंच. पण त्या दिवसापासून तिनें सुनेला उपास सांगितला नाहीं. एकदां स्वयंपाकघरांत दोघीच असतां तिनें सुनेच्या ताटांत न विचारतां केळें वाढलें. सुनेनें तें खाल्लें.

नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळीं शेजारच्या आजी नेहमीप्रमाणें दारांत आल्या. त्यांच्या प्रेमाविषयीं आम्हांला शंका नाहीं. आमच्यासाठीं त्यांनीं स्वतःहि नवस केलेले आहेत. "बाई, उद्या लवकर निघजो. मंग रांग वाढते," त्या म्हणाल्या. ती कांहीं बोलण्याच्या आंत तो आंतून बाहेर आला. वाक्य त्यानें मनांत कित्येक दिवस तयार करून ठेविलें होतें. तोंडांतून निघालें तें मात्र तुटकें निघालें. "आजी, हिच्यांत कांहीं नाहीं. दवा माझी चालू आहे."

आजींनीं त्याच्याकडे पाहिलें, मग तिच्याकडे पाहिलें. अंगणांतल्या मुलांचीं पाढे म्हणणारीं तोंडेंहि थांबलीं, किंवा आम्हांला तसें वाटलें. उद्यां हें साऱ्या आळींत होणार, हें आम्हां दोघांनाहि कळून चुकलें होतें.

"मंग दूध तूच ने न बाप्पा," आजी म्हणाल्या. "देवाले का समजत नाई?"

दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही भद्रनागाच्या देवळाशीं गेलों. पाऊस नुकताच थांबला होता, फरशी थंड होती. रांगेंत बहुतेक बायकाच होत्या. कांहींच्या कडेवर मुलें, कांहींचे हात नुसतेच दुधाच्या तांब्याभोंवतीं. मागच्या एका बाईनें तांब्या कोणाच्या हातांत आहे तें पाहिलें आणि आमच्यांतील तिला हलकेच विचारलें, "त्यांनीं कां धरला?" ती म्हणाली, "आज त्यांचा आहे." रांग सरकली तसे आम्हीहि पुढें सरकलों. तपासणी आठ दिवसांवर आहे. दूध हिंदकळूं नये म्हणून त्यानें तांब्यावर दुसरा हात ठेविला होता.